दिवसाला एक ओळ

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत सार्वजनिक नळाला लोकरीचा मोजा होता. उन्हाळ्यात ती पितळी तोटी अशी तापायची, की पाणी सोडायला गेलेली बाई हात झटकतच मागं यायची. आमच्या घरमालकांनी एक दिवस दोरीनं तोटीचं माप घेतलं आणि दोन बटणं लावून तांबडा-पांढरा मोजा विणून दिला. गल्लीनं त्यांच्या बाकी सगळ्या विणकामाची टिंगल केली, पण त्या मोज्याला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. आता घरमालक नाहीत आणि तोटीही प्लॅस्टिकची आली आहे. मोजा मात्र कुणीतरी खिडकीच्या गजाला बांधून ठेवलाय.

सोलापुरात स्वेटर विणणाऱ्या माणसाबद्दल काय बोलावं! आमच्याकडे थंडी येत नाही असं नाही. डिसेंबरात आठ-दहा सकाळी येते, चहा होईपर्यंत थांबते आणि गच्चीवर ऊन आलं की निघून जाते. एवढ्या पाहुणीसाठी हा माणूस बाराही महिने विणत बसायचा. मे महिन्यात अंगात बंडी, पायाखाली पाण्यानं भिजवलेलं पोतं आणि मांडीवर हा लोकरीचा ढीग. लोक त्यांना स्वेटरअण्णा म्हणत. आम्ही त्यांचे भाडेकरू, तेव्हा नुसतं अण्णा म्हणायचो.

घर तेलुगू आणि पिढ्यान्‌पिढ्या मागावरचं. खालच्या मजल्यावर धाकट्या भावाचे चादरीचे माग चालायचे, वर आमच्या दोन खोल्या आणि अण्णांची एक. अण्णांनी स्वतः चाळीस वर्षं माग चालवले होते. त्या खटखटाटात डावा कान गेला, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे. जिन्याच्या मधल्या वळणावर जरा वारा लागायचा, तिथं त्यांची खुर्ची असे. त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला वर जाता येत नसे आणि खाली उतरता येत नसे.

सुया त्यांनी स्वतः केलेल्या होत्या, जुन्या धोट्याचं लाकूड घासून घासून. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो. चाळीस वर्षं पळून दमला, आता बसून काम करू दे, असं ते म्हणायचे. विणायला शिकले ते मिरजेच्या दवाखान्यात. मागात पाय सापडला होता, तीन महिने पाय टांगून पडले होते. तिथल्या एका नर्सबाईंनी यांची चुळबूळ बघून हातात सुया दिल्या. पण सुलट टाका शिकून झाला आणि उलटा शिकायच्या आत प्लॅस्टर निघालं. त्यामुळे अण्णांना जन्मभर फक्त सुलट टाकाच आला. त्यांचे सगळे स्वेटर सारखेच दिसायचे, पुढून तसे मागून.

"अण्णा, मोबाइलवर बघून शिका की उलटा टाका," मी एकदा म्हटलं.

"कशाला? सुलट हाय ते नीट चाललंय की!"

खालचे माग चालू असले की त्यांचे हात त्या ठेक्यावर चालायचे. हे त्यांच्या लक्षात नव्हतं, माझ्या आलं. दुपारी वीज गेली की सगळे माग एकदम गप्प व्हायचे आणि गल्लीत अशी शांतता पसरायची की दूरच्या घरातलं भांडं ऐकू यावं. त्या वेळी अण्णांचे हातही थांबायचे. सुया तशाच, डोळे अर्धवट मिटलेले. वीज आली, माग सुरू झाले, की हातही सुरू. मधला अर्धा तास ते कुठं जाऊन यायचे कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "कुटं न्हाय. हितंच. पण जरा वर."

आता त्या चादरीबद्दल सांगते. खरं म्हणजे सगळं तिच्यासाठीच सांगायला बसले आहे.

आम्ही त्या घरात राहायला गेलो तो जुलै महिना होता. नवरा टेंभुर्णीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. पहिल्याच संध्याकाळी जिना चढताना अण्णांनी सुई आडवी धरून मला थांबवलं.

"कूर्चो अम्मा. बस. आजचा दिवस कसला गेला?"

सामान लावून मी दमून गेले होते. म्हटलं, "बरा."

"बरा हा रंग नसतो."

मला काही कळेना. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडून दाखवली. तिच्यात लोकरीचे सात-आठ गुंडे होते. मग समजलं ते असं: अण्णांना एक चादर विणायची होती, वर्षाची. दिवसाला एक ओळ. जसा दिवस, तसा रंग. मन हलकं झालं तर पिवळा. भांडण झालं तर तांबडा. काळजी लागली तर तपकिरी. नळाला पाणी आलं तो दिवस निळा, मग बाकी काही का होईना, कारण आमच्याकडे पाणी रोज येत नाही आणि आलं की सगळी गल्ली त्यातच असते. काहीच झालं नाही तर राखाडी. राखाडीचा त्यांना मनस्वी राग होता, पण तो गुंडाही पिशवीत असायचा. खोटं करायचं नाही, असा नेम होता.

"पण अण्णा, चादर तुमची, दिवस माझा कशाला?"

"माझा दिवस हितं बसून जातोय. खाली माग खटखट, वर पंखा गरगर. त्याला कसला रंग? तू भायेर जाऊन येतीस. तुझा दे."

मी जरा विचार केला आणि म्हणाले, की खोलीची खिडकी उघडली तेव्हा समोरच्या गच्चीवर हिरव्या चादरींची रांग वाळत होती, ते बघून बरं वाटलं. "हां!" म्हणाले आणि हिरवा गुंडा काढला. वर्षाची पहिली ओळ ती.

ही त्यांची पाचवी खेप होती. पहिल्या चादरीत उंदीर शिरला. दुसऱ्या खेपेला टायफॉइडमध्ये वीस दिवस गेले. तिसऱ्या खेपेला निळी लोकर संपली आणि तशी परत मिळाली नाही. चौथ्या वेळी काय झालं ते सांगत नसत. गल्लीतल्या पोराटोरांच्या अंगावर जे पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर दिसत, ते याच मोडलेल्या वर्षांतून निघालेले. धाकटे भाऊ खालून ओरडायचे, "अण्णाचं एक वर्ष होईस्तोवर माझ्या मागावर गावाच्या चादरी निघतात!" अण्णा डावा कान त्यांच्याकडे करायचे.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसले होते. माग बंद होते. ऊन जिन्याच्या जाळीतून पायऱ्यांवर पडलं होतं आणि एकेक पायरी उतरत चाललं होतं. मी सहज विचारलं, की एवढा अट्टाहास कशासाठी? त्यांनी डोळे अर्धवट मिटले. मला वाटलं, पुन्हा जरा वर गेले.

"चाळीस वर्षं चादरी पाडल्या मी," ते म्हणाले. "त्यातला एक दिवस सांगा म्हणलीस, तर येत न्हाय मला. पाय मोडला तेवढा एक येतोय. बाकी सगळं एकच ठाण. राखाडी." मग मांडीवरची चादर उलगडली, तेव्हा ती हातभर झाली होती. "मला एक वर्ष पायजे, अम्मा. सबंध. बोट ठेवलं की सांगता येईल असलं. एवढं झालं की मग काय बी होऊ दे."

आणि खरोखरच बोट ठेवून दाखवलं. "ही बघ. या दिवशी तुमच्या ग्रंथालयात पोपट शिरला. ही तांबडी, तुझं नवऱ्याशी फोनवर वाजलं. ही निळी. ही पण निळी. ही पिवळी, त्या दिवशी तू काय बोलली न्हाईस, नुसती हसत वर गेलीस."

माझेच दिवस, मी विसरलेले, मला परत मिळत होते. तेव्हापासून मला एक खोड लागली. घरी परतताना मी वाटेतच रंग ठरवत यायचे. ऑटोत बसलेली असताना, ढोबळी मिरची निवडत असताना डोक्यात चाललेलं असायचं, हा तपकिरी की हिरवा? इतक्या बारकाईनं मी दिवसांकडे आधी कधी बघितलं नव्हतं. अण्णांना हवं होतं ते वर्ष मलाही हवंसं वाटायला लागलं.

त्यांचा आणखी एक नेम होता. कधी उसवायचं नाही. टाका निसटला तर निसटला, रंग चुकला तर चुकला. स्वेटर उसवतील, टोपरं उसवतील, पण ही चादर नाही. "दिवस उसवत्यात का कुटं," म्हणायचे.

हिवाळ्यात मला दिवस गेले. त्याआधी एकदा चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना मात्र मी सांगितलं. सांगावंच लागलं, नाहीतर त्या दिवसाचा रंग कसा कळणार? त्यांनी पिवळी लोकर काढली आणि म्हणाले, "तिन्नावा? जेवलीस का? आता दोनदा जेवायचं." ही ओळ त्यांनी फार सावकाश विणली.

एप्रिलात एक दिवस मी तपासणीला गेले. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, बाळाची वाढ कमी आहे, रक्तपुरवठा नीट होत नाही, किती दिवस टिकेल सांगता येत नाही, पडून राहा. मी दवाखान्यातून निघाले ते सरळ घरी आले. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. जिन्याच्या वळणावर अण्णा होतेच.

"आजचा दिवस कसला?"

"पिवळा," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला तेव्हाच माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते विणलं असतं. आणि एकदा विणलेला दिवस उसवता येत नाही.

त्यांनी आनंदानं पिवळी ओळ घातली. पण मी दिवसाढवळ्या अंथरुणावर पडून राहते आहे, आठवड्याच्या मध्येच नवरा टेंभुर्णीहून आलाय, हे बघून तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं कळलं. ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"खोटा दिवस विणायला लावलास ना मला?"

"उसवा मग," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

"उसवायचं नसतंय," म्हणाले आणि गेले. त्यांच्या सबंध वर्षात आता एक खोटी ओळ होती, आणि ती मी घातली होती. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन्ही दिवस राखाडी. तिसऱ्या दिवशी चादर घेऊन दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर बसून म्हणाले, "हं. आजचा सांग. खरा सांग."

मेच्या अखेरीला, भर उन्हाळ्यात, मुलगी झाली. दोन महिने आधी. दीड किलोच्याही आत. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मला लांबून दाखवत. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं, आणि आत माझी मुलगी थंडीनं निळी पडत होती. हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही. अंगावर चरबीच नाही, तर ऊब धरणार कुठून?

सिस्टरनी नवऱ्याला सांगितलं, "डोक्यातून सगळी ऊब निघून जाते. लोकरीची टोपी आणा. दोन आणा, एक धुवायला. मऊ बघा, तंतू सुटणारी नको." दवाखान्यातली टोपी तिच्या हनुवटीपर्यंत उतरत होती. नवरा सगळा बाजार फिरला. मे महिन्यात लोकर मागणाऱ्या माणसाकडे दुकानदार कसे बघत असतील, याची कल्पना करा. एकानं तर आधी पाणी पाजलं आणि मग म्हणाला, "दिवाळीनंतर या." शेवटी त्यानं गाड्यावरून एक मोसंबं घेतलं. डोकं एवढं आहे, हे घरी दाखवायला.

घरी माझी आई होती, वेळापूरहून आलेली. पुढचं सगळं मला तिनंच नंतर सांगितलं. आईचं आणि अण्णांचं आधी काही जमत नव्हतं. "बाप्या मानूस सुया घिऊन काय बसतोय," म्हणायची. अण्णा तिला रोज विचारायचे, आजचा दिवस कसला? ती म्हणायची, बरा हाय. ते म्हणायचे, बरा हा रंग नसतो. मग ती पदर तोंडाला लावून वर यायची.

"मी त्यास्नी मोसंबं दिलं," आई सांगत होती. "म्हनलं, अण्णा, येवढं इणताय, आमच्या नातीला दोन टोप्या इणा की. तर लगीच उठला त्यो. नवी लोकर काडली, करकरीत. मी म्हनलं, नवं न्हाय चालायचं. बाळाच्या अंगाला पयल्यांदा जुनंच लावत्यात, वापरल्यालं, मऊ झाल्यालं. तुमच्यात न्हाय व्हय असं? तर म्हनला, आमच्यात बी हाय. पर जुनी लोकर न्हाय माज्याकडं. मी म्हनलं, न्हाय कशी? ही काय मांडीवर हाय की! हात लावून बगितला तर लोन्यावानी. म्हनलं, सोडा ही."

"मग काय म्हणाले?"

"गप बसला. मला वाटलं, ऐकू न्हाय गेलं. कान बारीक हाय न्हवं त्याचा? मी आनि मोट्यांदा म्हनलं, ही उसवा की वो, पोरीला हुडहुडी भरलीया! तर म्हनला, आलं ऐकू. आन वडली की सुई."

वीज गेली होती म्हणे. माग गप्प होते. आईनं दोन्ही हात पुढं धरले आणि अण्णा उसवून उसवून तिच्या हातांवर लोकर गुंडाळत गेले. "मदीच थांबायचा," आई म्हणाली. "येकेका रंगावर बोट ठेवायचा, कायबाय पुटपुटायचा. तेलगूत. मला वाटलं टाकं मोजतोय."

मग रिठ्याच्या पाण्यात त्यांनी ती लोकर धुतली आणि जिन्याच्या कठड्यावर टांगली. उसवलेली लोकर कुरळी असते, सरळ व्हावी म्हणून खाली तांब्या बांधला. त्या उन्हात ती बघता बघता वाळली. बाळाला गाठ टोचेल म्हणून गाठी कापून टाकल्या, आणि टोकं ओली करून तळहातावर चोळून एकमेकांत मिळवली. पहिली टोपी मोसंब्याला मोठी झाली, ती पुन्हा उसवली. संध्याकाळपर्यंत दोन टोप्या झाल्या. सुलट टाक्याच्या.

नवरा त्या घेऊन आला तेव्हा मी खाटेवर बसले होते. त्यानं टोप्या माझ्या मांडीवर ठेवल्या. मी आधी निळा रंग बघितला. मग हिरवा. मग पुन्हा निळा, मग दोन ओळी राखाडी. आणि एका टोपीच्या काठाला, कपाळावर येतो तिथं, सगळीकडून पिवळा. मी ती टोपी पोटाशी धरून वाकले. तो माझा खोटा दिवस होता. मला कळलं, अण्णांनी काय उसवलं ते. नवऱ्याला वाटलं बाळंतपणाचे टाके दुखतायत.

पुढचे पंचवीस दिवस त्या दोन टोप्या आळीपाळीनं तिच्या डोक्यावर होत्या. एक डोक्यावर, एक वाळत. सिस्टर तिला माझ्या छातीवर उघडी ठेवायच्या आणि वर टोपी. मी तिच्या डोक्याकडे बघत पडून राहायचे. एसीची घरघर असायची, डोळा लागायचा, जाग यायची. आणि प्रत्येक वेळी ते रंग समोर असायचे. आईकरवी अण्णांचा निरोप रोज यायचा, आजचा कसला? वजन वीस ग्रॅम वाढलं तर मी पिवळा कळवायचे, घटलं तर तपकिरी. आता मी खोटं बोलत नव्हते.

मुलीला घेऊन घरी आले तेव्हा अण्णा वळणावर होते. मांडीवर चादर, आखूड झालेली.

"टोपी बसली का नीट?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमचं वर्ष..."

"काठ घट्ट झालता का जरा?"

किती ओळी उसवल्या ते मी नंतर मोजलं. बरोबर चाळीस, पिवळी धरून. मी म्हटलं, मला ते दिवस आठवतायत, मी सांगते, तुम्ही परत विणा. ते म्हणाले, "त्या दिवसांची लोकर तिच्या डोक्यावर हाय. त्याच दिवसाला दुसरी लोकर कशी घालू? नक्कल व्हईल." आईला खरा प्रकार कळला तेव्हा ती मटकन पायरीवरच बसली. "आगं बाई! मला काय म्हाईत!" त्यानंतर ती वेळापूरला परत जाईपर्यंत त्यांच्यासाठी रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करत राहिली.

जुलैत वर्ष संपलं. त्यांनी टाके बंद केले आणि जिन्यातच चादर अंगावर घेऊन बघितली. ती त्यांच्या उंचीच्या बेतानं मांडलेली. पावलं बाहेर राहिली. "सोलापुरात पायाला कुटं थंडी लागतीय," म्हणाले. कुणी आलं की पूर्वीसारखं बोट ठेवून दिवस सांगायचे, पण एप्रिलात एका जागी बोट अडायचं. तिथून ते एकदम मेच्या अखेरीवर उडी मारायचे. त्या उडीच्या वेळी मी तिथं असले तर काहीतरी निमित्त काढून आत जायचे. सहावी खेप त्यांनी केली नाही. एवढी धडपड करून एक वर्ष मिळवायला निघालेल्या माणसाचं वर्ष माझ्या घरानं तोडलं होतं, आणि त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात राहायला गेलो. तरी महिन्यातून एखादा रविवार भवानी पेठेत जायचा. अण्णा थकत गेले. आधी सुया सुटल्या, मग खुर्ची, मग ते खोलीतल्या खाटेवरच असायचे. खालच्या मागांचा आवाज खाटेतून त्यांच्या अंगात येतो, म्हणायचे, झोप छान लागते.

त्यांच्या शेवटच्या डिसेंबरात आम्ही गेलो होतो. मुलगी दुसरीत. सकाळची वेळ, थंडी आलेली. अण्णा चादर पांघरून पडले होते आणि पावलं बाहेर, सुकलेली, टाचांना भेगा.

"आजोबा, तुमची चादर आखूड का आहे?"

मी तिला गप्प करायला गेले, पण अण्णा हसले. "तुझ्या आजीला विचार."

घरी आल्यावर तिनं वेळापूरला फोन लावून आजीला विचारलं. दोघींचं बराच वेळ चाललं होतं. नंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र, चला अण्णाआजोबांकडे, म्हणून सकाळपासून मागं लागली. गेल्यावर तिनं डब्याच्या पिशवीतून त्या दोन टोप्या काढल्या. माझ्या कपाटातून, न विचारता घेतलेल्या. खाटेच्या पायथ्याशी बसली आणि एक टोपी अण्णांच्या उजव्या पावलात चढवली, एक डाव्या. ताणून ताणून, पण बसल्या. चादरीचा काठ तिनं ओढून टोप्यांना भिडवला.

अण्णांनी बोटं हलवून बघितली. मान उचलून पायांकडे बघत राहिले. वीज गेलेली नव्हती, माग चालू होते, पण ते जरा वर गेले होते हे मला दिसत होतं.

"तीनशे पासष्ट," ते म्हणाले.

"आता सांगा," मुलगी म्हणाली. त्यांचा हात पायांपर्यंत पोचत नव्हता, तेव्हा तिनं आपलं बोट ठेवलं. डाव्या पावलावर, टोपीच्या काठावर. "हा पिवळा कसला दिवस?"

मी खिडकीकडे बघायला लागले.

"त्या दिवशी तुझी आई खोटं बोलली," अण्णा म्हणाले. "पण दिवस खोटा नव्हता. मीच जरा लवकर विणला."

तिनं बोट एक ओळ पुढं सरकवलं. "आणि हा निळा?"

"पाणी आलं होतं."